गुडघ्याशी गेलेला निष्कर्ष

तालुक्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा २००६ साली सुरू झाली आणि आमच्यासारख्या कॉलेजांतल्या मुलांना फार मोलाची गोष्ट मिळाली : आपल्या कामाशेजारी उभं राहून एखाद्या अनोळखी जाणकाराला ते पटवून देण्याची संधी. चांगलं काम हाताशी असताना पोस्टरपायी ही संधी हुकते, हे मी मार्गदर्शक म्हणून पाहिलं आहे आणि पुढे परीक्षक म्हणून इतर कॉलेजांतही पाहिलं आहे. त्यातला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण सांगण्यासारखं सगळं त्यातच आहे.

आमच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली. दोघींची घरं पाटाच्या पाण्यावरच्या बागायती गावांत. त्यांनी आपापल्या शिवारातल्या विहिरींचं पाणी तपासायला घेतलं. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा, त्याच विहिरींचं. काही विहिरी उसाच्या फडाला लागून, काही वरच्या कोरडवाहू माळावर. नमुने बर्फाच्या डब्यातून यायचे आणि त्याच दिवशी तपासले जायचे, कारण पाणी नुसतं ठेवलं तर जिवाणू नायट्रेटचं प्रमाण बदलवतात. कठीणपणासाठी ईडीटीएचं टायट्रेशन : द्राक्षाच्या रंगाचं द्रावण निळं होईपर्यंत ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि लालसर छटेचा मागमूस राहिला नाही की थांबायचं. नायट्रेटसाठी फिनॉल डायसल्फोनिक आम्लाची पद्धत. अल्कली घातली की पिवळा रंग येतो, त्याचं रीडिंग ४१० नॅनोमीटरला घ्यायचं. दोघी संध्याकाळी शेवटची एसटी चुकायची वेळ येईपर्यंत प्रयोगशाळेत असायच्या.

आणि त्यांना खरोखर काहीतरी सापडलं. माळावरच्या विहिरींत दोन्ही वेळा नायट्रेट कमी होतं. उसातल्या विहिरींत मात्र ऑक्टोबरमध्ये ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, कठीणपणाला २०० पासून ६०० पर्यंत सूट देतं. नायट्रेटला ४५ च्या पुढे सूटच नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना या पाण्याचा धोका असतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं. म्हणजे मुलींच्या हाती आलेला आकडा नुसता परीक्षेपुरता नव्हता.

पोस्टर मात्र आदल्या वर्षीच्या एका पोस्टरचा साचा समोर ठेवून बेतलं गेलं. शीर्षक : ‘तालुक्यातील भूजलाच्या भौतिक-रासायनिक गुणधर्मांचा अभ्यास’. खाली पाण्याचं महत्त्व सांगणारे दोन परिच्छेद. मग उद्दिष्टांची यादी, तालुक्याचा नकाशा, ॲप्रन घालून काढलेले फोटो. उजव्या हाताला अगदी तळाशी सगळ्या चाचण्यांचं एकच भलंमोठं कोष्टक आणि त्यात शेवटून दुसरा रकाना नायट्रेटचा. पोस्टर स्टँडवर चढलं तेव्हा तो रकाना बरोबर गुडघ्याच्या पातळीला आला.

परीक्षक आले. शीर्षक वाचून म्हणाले, “पाणी सगळेच तपासतात. यात नवीन काय?” मुलीने पाठ केलेलं सुरू केलं : पृथ्वीवर पाणी किती, त्यातलं गोडं किती. त्यांनी मध्येच विचारलं, “नमुने कधी घेतले?” अख्ख्या प्रकल्पाचं दार या प्रश्नाने उघडलं होतं. “मे आणि ऑक्टोबर, सर,” असं म्हणून ती पुन्हा पाठांतराकडे वळली. ते वाकले नाहीत, तिनेही बोट दाखवलं नाही. पुढच्या फेरीच्या यादीत दोघींची नावं नव्हती.

त्यानंतर मी माझ्याकडच्या मुलांसाठी एक शिस्त घालून घेतली आहे : कॉम्प्युटर उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहायचं. आपल्याला काय सापडलं ते सांगणारं, क्रियापद असलेलं. ‘अभ्यास’, ‘विश्लेषण’, ‘आढावा’ हे शब्द त्यात चालणार नाहीत, कारण त्यांतून तुम्ही काय केलं ते कळतं, काय मिळालं ते कळत नाही. त्या दोघींचं वाक्य असं होऊ शकलं असतं : ‘पावसाळ्यानंतर उसातल्या विहिरींत नायट्रेट ४५ च्या वर जातं, माळावरच्या विहिरींत जात नाही.’

हे वाक्य लिहिताना दोन्ही बाजूंनी जपावं लागतं. फार मोघम झालं तर परीक्षक थांबत नाहीत. हातात असलेल्या आकड्यांपेक्षा जास्त बोललं तर ते नक्की थांबतात आणि मग सुटका नसते. ‘युरियामुळे विहिरी दूषित’ असं लिहिण्याचा मोह फार होतो. युरियाचं जमिनीत नायट्रेट होतं, मातीच्या चिकणकणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते खाली झिरपतं. हे सगळं खरं आहे. पण विहिरीशेजारी शेणखताचा उकिरडा असेल, संडासाचा शोषखड्डा असेल, तर नायट्रेट तिथूनही येतं. मुलींनी विहिरी तपासल्या होत्या, युरियाचा माग काढला नव्हता. म्हणून वाक्यात ‘उसातल्या विहिरींत’ हवं, ‘उसामुळे’ नको. कारण काय असावं ते चर्चेच्या चौकटीत ‘शक्यता’ म्हणून लिहावं आणि उकिरड्याची शक्यताही शेजारीच नोंदवावी. आपल्या कामाची मर्यादा आपणच लिहिलेली असली की परीक्षकाचा सूर बदलतो. परीक्षक म्हणून माझा स्वतःचाही बदलतो.

हे वाक्य पोस्टरच्या माथ्यावर, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला यायला हवं. अमेरिकेत माइक मॉरिसन या संशोधक विद्यार्थ्याने २०१९ साली अख्ख्या पोस्टरचा मधला भाग एकाच मोठ्या वाक्याला द्यावा, बाकी तपशील कडेच्या पट्ट्यांत आणि क्यूआर कोडमध्ये टाकावा, अशी मांडणी सुचवली. ती जगभर गाजली. मला त्यातलं मोठं वाक्य मनापासून पटतं. पण आपल्याकडे पोस्टरला गुण द्यायचे असतात आणि परीक्षकाला पद्धत, आकडे, आलेख तिथल्या तिथे पाहायचे असतात. त्यांना मोबाइल काढायला लावू नका. मोठं वाक्य घ्या, त्याखाली मुख्य आलेख ठेवा, पद्धत डावीकडे. पोस्टरचा खालचा तृतीयांश भाग संदर्भ आणि आभारांना द्या, तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका.

कोष्टक की आलेख, हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात. उत्तर सोपं आहे : जे दाखवायचं त्याचा आलेख, बाकीचं कोष्टक फाइलमध्ये, हाताशी. त्या प्रकल्पात प्रत्येक विहिरीचे मे आणि ऑक्टोबरचे दोन शेजारी स्तंभ आणि त्यांवरून आडवी गेलेली ४५ ची ठळक रेघ एवढं पुरलं असतं. कोणते स्तंभ रेघेवर चढले ते पाच पावलांवरून दिसतं. स्तंभावर त्रुटीची उभी रेघ दाखवली असेल तर ती प्रमाण विचलनाची आहे की प्रमाण त्रुटीची, हे खाली लिहा, आणि प्रत्येक नमुन्याची किती रीडिंग घेतली तेही. हे नसेल तर पहिला प्रश्न तोच येतो. एकाच बाटलीतल्या पाण्याची तीन रीडिंग म्हणजे तीन नमुने नव्हेत, हेही स्वतःला बजावून ठेवा. दोन गोष्टींची तुलना लाल आणि हिरव्या रंगात करू नका, काही जणांना तो फरक दिसतच नाही. निळा आणि नारिंगी घ्या.

आता छपाईबद्दल, कारण शेवटच्या रात्री घोळ होतो तो इथे. आधी नियमपत्रक वाचा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक मीटर बाय एक मीटर असं माप असतं, परदेशी परिषदांत बऱ्याचदा ए-झीरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. पॉवरपॉइंटमध्ये काम करणार असाल तर पहिल्याच मिनिटाला पानाचं माप १०० बाय १०० सेंटिमीटर करा. नेहमीच्या आडव्या स्लाइडवर सगळं रचून शेवटी माप बदललं की वर्तुळं लंबगोल होतात आणि मजकूर चौकटीबाहेर पडतो. फोटो ४० सेंटिमीटर रुंद छापायचा असेल तर तो साधारण २४०० पिक्सेल रुंदीचा हवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॉलेजचं बोधचिन्ह वेबसाइटवरून उचलू नका, ऑफिसमधून मूळ फाइल मागून घ्या.

मराठीत पोस्टर करत असाल तर आणखी एक गोष्ट. तुमच्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये नीट दिसणारा मजकूर दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘विद्यार्थी’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते, ‘द्य’चा पाय मोडतो, आणि रात्री दहा वाजता दुकानात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. दुकानदार कोरलमध्ये फाइल मागत असेल तर अक्षरं कर्व्ह करून द्या, आणि छापण्याआधी त्याच्या पडद्यावर प्रत्येक ओळ स्वतः वाचा. देवनागरीत वर-खाली मात्रा असल्याने त्याच आकाराची अक्षरं रोमनपेक्षा बारीक वाटतात. शीर्षक ८० पॉइंटच्या खाली नको, मजकूर २८ च्या खाली नको. पूर्ण पोस्टर ए-फोर कागदावर छापून हातात धरा. डोळे ताणावे लागले तर अक्षरं वाढवू नका, मजकूर कमी करा.

फ्लेक्स स्वस्त पडतं, सगळे तेच घेतात. पण ते दुरून पाहायच्या फलकांसाठी असतं. आलेखाच्या अक्षावरचे बारीक आकडे त्यावर फिसकटतात आणि सभागृहातल्या ट्यूबलाइटची तिरीप नेमकी मजकुरावर चमकते. थोडे पैसे जास्त गेले तरी मॅट व्हिनाइल किंवा मॅट कागद घ्या. नळीत गुंडाळून न्या, बसमध्ये घडी पडू देऊ नका. छपाई आदल्या दिवशी नाही, दोन दिवस आधी.

उभं राहण्याची तयारी पोस्टरइतकीच महत्त्वाची असते. पोस्टरच्या मध्ये उभे राहू नका, कडेला राहा. परीक्षक आले की पाण्याच्या महत्त्वापासून सुरुवात नको, त्या एका वाक्यापासून करा आणि बोट आलेखावर ठेवा. दीड-दोन मिनिटांत प्रश्न, पद्धत, निष्कर्ष एवढं सांगून थांबा. थांबणं महत्त्वाचं, कारण तिथून त्यांचे प्रश्न सुरू होतात आणि गुण बरेचसे तिथेच ठरतात. जाणकार माणूस पद्धतीला हात घालतो. फिनॉल डायसल्फोनिक पद्धतीत क्लोराइडचा अडथळा येतो, तो सिल्व्हर सल्फेटने काढला होता का? ब्लँक लावला होता का? स्टँडर्डची रेघ कोणत्या पट्ट्यापर्यंत सरळ आली? हे प्रश्न दुसऱ्या विभागाच्या मॅडमना आधी विचारायला सांगा. रसायनशास्त्राबाहेरच्या माणसाला समजावता येतं का, तेही त्यातून कळतं. जोडीने काम केलं असेल तर दोघींनाही सगळं यायला हवं, ‘तो भाग हिने केला’ हे उत्तर तिथे चालत नाही. ठाऊक नसेल तर “ते आम्ही तपासलेलं नाही” असं सरळ म्हणा. आणि मार्गदर्शकांना माझी कळकळीची विनंती : मुलांच्या मागे उभं राहून त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका. संध्याकाळी परत येताना विचारलेले सगळे प्रश्न वहीत उतरवून घ्यायला लावा. पुढच्या फेरीत त्यातले निम्मे पुन्हा येतात.

विहिरींच्या मालकांची नावं पोस्टरवर घालू नका. ज्यांनी विश्वासाने पाणी काढू दिलं त्यांच्या विहिरीचा आकडा चारचौघांत नावानिशी टांगणं बरोबर नाही. ‘वि-१’, ‘वि-२’ असे क्रमांक द्या, नकाशावर नेमकी जागा दाखवू नका आणि प्रत्येक मालकाला त्याचा आकडा स्वतः जाऊन सांगा.

त्या दोघींनी हे शेवटचं काम केलं, आणि मग तेच पोस्टर ग्रामपंचायतीत लावायचं म्हणून माझ्याकडे परत आणलं. ते तसंच लावून काही उपयोग नव्हता, नव्याने करावं लागलं. पद्धत गेली, प्रमाण विचलन गेलं, ४५ ची रेघ तेवढी राहिली. वर तीन ओळी आल्या : या गावातल्या काही विहिरींचं पाणी पावसाळ्यानंतर तान्ह्या बाळांच्या दुधात वापरू नये. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. आपल्या विहिरीचं पाणी ऑक्टोबरमध्ये तपासून घ्या, त्यासाठी बाटली घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत या. त्या वर्षी बाटल्या आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा आयाच घेऊन आल्या. नमुना घेण्याआधी बाटली त्याच पाण्याने विसळायची, वरपर्यंत भरायची आणि वर तारीख लिहायची, हे त्यांना त्या दोघींनीच शिकवलं.