वाऱ्याला विचारून निघ

चि. भाचीस,


तू पाठवलेला प्रवासाचा तक्ता मावशीने दोनदा वाचला. ऑगस्टचे सहा दिवस आणि त्यात मिकोनोस, पारोस, नाक्सोस, सान्तोरिनी! म्हणजे निम्मी सुट्टी धक्क्यावर बॅगेवर बसून बोटीची वाट बघण्यात जाणार. मावशीचं मत विचारशील तर तीन बेटं खोडून टाक आणि एकटं नाक्सोस ठेव. मिकोनोस आणि सान्तोरिनीला क्रूझमधून उतरणाऱ्यांकडून ग्रीस सरकार 2025 पासून ऐन हंगामात माणशी 20 युरो घेतं. तिथल्या गर्दीचा अंदाज त्यावरून यावा.

नाक्सोस हे सिक्लाडीझ बेटांतलं सगळ्यांत मोठं, सुमारे 430 चौरस किलोमीटरचं. पर्यटक येण्याआधीही बटाटे, चीज, संगमरवर आणि घासकागदाला लागणारा एमरीचा दगड यांवर बेटाचं पोट भरत होतं. त्यामुळे तिथल्या गावांतली माणसं पाहुण्यांसाठी सजून बसलेली नसतात. ती आपापल्या कामात असतात.

जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख आणि वारा असा की टेबलावरची चादर चिमट्यांनी धरून ठेवावी लागते. तो बोफोर्ट मोजणीत आठच्या आसपास गेला की बंदरातून मोठ्या बोटीही सुटत नाहीत. जलद बोटी त्याआधीच थांबतात. या बंदीला तिथे 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. हा शब्द पाठ कर आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्स गाठ. अथेन्सच्या पिरेयस बंदरापासून नाक्सोस मोठ्या बोटीने साधारण साडेपाच तासांवर आहे. त्याच दिवशी बोट आणि विमान दोन्ही गाठायचा हिशेब कागदावरच जमतो.

कोकणात वाढलेल्या माणसाला तिथला समुद्र आधी चुकल्यासारखा वाटतो. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी वाळूवर जिथे चप्पल काढावी, तिथेच ती संध्याकाळी कोरडी सापडते. बेटावरच्या मुख्य गावाला लागून असलेल्या आयिओस येओर्गिओसच्या किनाऱ्यावर पाणी बऱ्याच आतपर्यंत उथळ आहे, नवशिक्यांनी तिथेच पोहावं. आयिओस प्रोकोपिओस आणि प्लाकाला बस जाते. मिक्री वीग्लाला मात्र वारा हीच करमणूक: पतंग आणि शीड लावून फळीवर उभी राहणारी मंडळी तिथे जमतात. जे शिकलेले नाहीत त्यांनी काठावर बसून बघावं. हवेच्या गादीवर पाण्यात लोळायचा मोह मात्र आवर. वारा जमिनीकडून सुटला, तर गादी समुद्राकडे निघते आणि तिच्यावरच्या माणसाला ते उशिरा कळतं.

दुपारी मुकाट्याने झोप काढ. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच हे शांततेचे तास कायद्यानेच ठरवलेले आहेत. पुण्याच्या दुकानदाराला हे कळलं तर तो आनंदाने ग्रीसचं नागरिकत्व घेईल. जेवायला नवाच्या आत बसलीस, तर शेजारी फक्त परदेशी पाहुणेच असतील.

जेवणाचं म्हणशील, तर शाकाहारी माणसाचे तिथे हाल होत नाहीत. मागताना 'निस्तिसिमो' म्हण, म्हणजे उपवासाचं. दूध-अंडी-मांस काही नसतं. पण त्यांच्या उपवासाला कालवं आणि ऑक्टोपस चालतात, तेवढं विचारून घे. मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे गिगान्तेस खा, बटाटे खा. आणि नकार देताना सांभाळ. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. पहिल्या खेपेला मावशी हात आडवा धरून 'नै, नै' म्हणत राहिली आणि ताटात तळलेले बटाटे पडत राहिले. नाही म्हणायचं असेल तर 'ओही'.

चारचाकी मोटारसायकल भाड्याने घ्यायचं तुझं ठरलेलं दिसतं. तिला तिथे 'गुरूना' म्हणतात, म्हणजे डुकरीण! आपला वाहन परवाना एकटा पुरत नाही, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ने. पण डोंगरातल्या रस्त्यांवर वळणं फार आणि कडेला बारीक खडी. मावशीच्या उजव्या कोपरावर तिची खूण अजून आहे. त्यानंतरचा सगळा प्रवास मावशीने बसने केला आणि खिडकीतून जास्त पाहिलं.

बसने आपोलोनासला जा. तिथे जुन्या खाणीत जवळपास अकरा मीटरचा संगमरवरी पुरुष उताणा पडला आहे, अडीच हजारांहून अधिक वर्षं. दगड तडकला म्हणून कारागिरांनी तो अर्धवट सोडला असावा. दाढीचा उंचवटा दिसतो, चेहरा अजून दगडातच आहे. मुख्य गावाच्या बंदराजवळचं पोर्तारा हेही अपुरंच: सहाव्या शतकातल्या (इ. स. पूर्व) न झालेल्या देवळाचं सुमारे सहा मीटर उंच दार. सूर्यास्ताला तिथे सगळं गाव लोटतं. तू पहाटे जा.

झास डोंगर 1,004 मीटर, आकड्याने सिंहगडाहून कमी, पण वाटेत ना सावली ना ताकवाली. दोन लिटर पाणी घे आणि उजाडताच चढायला लाग.

15 ऑगस्टला फिलोती गावात मारियामातेची जत्रा असते. चौकात व्हायोलिन आणि लाऊतो ही वाद्यं सुरू झाली की माणसं हात धरून साखळी करतात. नाचायचं असेल तर शेपटाला जाऊन हात धर. पुढे जाणाऱ्याचा मान वेगळा असतो, तिथे घुसू नये.

येताना खाल्की गावातून कित्रोनची बाटली आण. लिंबाच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांपासून ते मद्य काढतात. हिरवं सगळ्यांत गोड आणि सौम्य, पिवळं सगळ्यांत कडक. काका पिवळं सांगतील. तू हिरवंच आण.

तुझी,
मावशी