पिकअप गाडीचा पुढील आंस : उघडण्यापूर्वीं करावयाची परीक्षा

गेल्या आषाढांत पवन मावळांत भातलावणी ऐन रंगांत असतां आमची चारही चाकांनीं ओढणारी पिकअप गाडी अडली. रोपांच्या मुठी उपटून बांधावर पडलेल्या, आणि गाडी कामशेतच्या डांबरी रस्त्यावर वळण घेतांना धक्के देऊं लागली. कारागिरानें पुढील डिफरन्शियल उतरवून नवें बसविण्याचा सल्ला दिला. लावणीचे तीन दिवस वायां गेले. अखेरीस दोष निघाला तो टायरांत! मागील टायर नवे, पुढील झिजलेले. शिवाय चिखलांतून बाहेर आल्यावर लिव्हर 'चार' मधून काढावयाची राहिली होती.

यांतील कारण समजून घेण्यासारखें आहे. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां लांबचा फेरा घेतात. डाव्या-उजव्या चाकांतील फरक डिफरन्शियल संभाळतें. परंतु पुढील व मागील आंसांमधील फरक संभाळणारें साधन अशा बहुतेक पिकअप गाड्यांत नसतें. महिंद्र कंपनीनें पूर्वीं जोडलेल्या विलीस जीपांतही तें नव्हतें. लिव्हर 'चार' मध्यें टाकतांच दोन्ही आंस एकमेकांशीं जखडले जातात. चिखलांत चाक घसरून फरक फिटतो. कोरड्या डांबरावर तो फिटत नाहीं आणि सगळा पीळ दांत्यांवर पडतो. टायर लहानमोठे असले तर सरळ रस्त्यावरही तेंच घडतें. लिव्हर अडकून बसल्यास ओढाताण न करतां गाडी सरळ रेषेंत चार-पांच हात मागें घ्यावी. पीळ सुटून ती निघते.

म्हणून प्रथम चारही टायरांत हवा सारखी भरावी, टायरांवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलावी, व प्रत्येक चाकानें कापलेलें अंतर सुतळीनें मोजावें. यास खर्च कांहींच नाहीं.

नंतर आवाज ऐकावा. केवळ वळतांना कटकट वाजत असेल तर चाकाजवळचा सांधा व त्यावरील रबरी बूट पाहावा. तो फाटला कीं आंत चिखल गेलाच. वेग वाढवितांना एक सूर व वेग सोडतांना दुसरा सूर निघत असेल, तरच डिफरन्शियलच्या दांत्यांचा संशय घ्यावा. घरघर येत असल्यास चाक जॅकवर उचलून (खालीं भक्कम ठोकळा ठेवावाच) वर-खालीं धरून हलवावें. ढिलेपणा जाणवल्यास दुसऱ्या मनुष्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ढिलेपणा गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर स्टिअरिंगच्या सांध्याचा.

'चार' लावूनही पुढचीं चाकें ओढत नसल्यास, एकानें गाडी चिखलांत हळू चालवावी व दुसऱ्यानें बाजूस दूर उभें राहून पुढील प्रॉपेलर शाफ्ट पाहावा. तो फिरत असून चाकें ओढत नसतील तर हबचें कुलूप, किंवा आंस जोडणारी हवेची नळी वा विजेची तार तपासावी. उंदीर या नळ्या कुरतडतात. पुढचें एकच चाक जागच्या जागीं फिरत असेल तर मात्र तो बिघाड नव्हे. साध्या डिफरन्शियलचा तो धर्मच आहे.

लोणावळ्याकडे वर्षास चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेव्हां तेलाकडे विशेष लक्ष हवें. तापलेला आंस ओढ्याच्या थंड पाण्यांत शिरला कीं आंतील हवा आकसते, आणि वरील हवानळी चिखलानें बुजलेली असल्यास ऑइल सीलमधून पाणी ओढलें जातें. तेल दुधाळ दिसल्यास त्याच दिवशीं बदलावें, व पुस्तकांत सांगितलेल्या वर्गाचेंच भरावें. बुचाच्या लोहचुंबकावर करडा लेप असला तर चिंता नको. दांत्याचे तुकडे आढळले, तर कारागिराचें म्हणणें मान्य करून डिफरन्शियल खुशाल उतरवूं द्यावें.