ज्ञान मागावे कसे?

(वाचन : १ राजे ३:५-१४, याकोब १:५-८)



प्रार्थनेत आपण काय मागतो? आजाऱ्याला आराम, मुलाला नोकरी, मुलीला चांगले स्थळ, परीक्षेत यश. यात गैर काही नाही. रोजची भाकर मागायला प्रभू येशूनेच आपल्याला शिकवले. पण देवाजवळ ज्ञान आपण किती वेळा मागतो?

गिबोन येथे परमेश्वराने तरुण शलमोन राजाला स्वप्नात दर्शन दिले आणि हवे ते मागण्यास सांगितले. शलमोनाने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, शत्रूंचा नाशही मागितला नाही. प्रजेचा न्याय करता यावा, बरेवाईट ओळखता यावे म्हणून त्याने शहाणे अंतःकरण मागितले. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा होतो. ज्याला देवाचे ऐकता येते आणि माणसाचेही ऐकता येते, तो ज्ञानी. पुढे एका बाळासाठी भांडणाऱ्या दोन स्त्रिया दरबारात आल्या, तेव्हा त्याने आधी दोघींचे म्हणणे ऐकून घेतले.

मात्र हाच शलमोन म्हातारपणी अन्य दैवतांच्या मागे लागला, हेही पवित्र शास्त्र आपल्यापासून लपवत नाही (१ राजे ११). एकदा मिळालेले ज्ञान जन्मभर पुरत नाही. भाकरीसारखे तेही रोज मागावे लागते.

मग प्रार्थना केली की विचार करायची गरज नाही काय? फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे पाहा. हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ग्रंथाचा आरंभ त्यांनी देवाला नमन करून केला. पण त्या नमनामागे लोकांची भाषा शिकण्याचे अनेक वर्षांचे कष्ट होते. प्रार्थनेने अभ्यास टळला नाही, अभ्यासाला दिशा मिळाली.

आपल्या कोल्हापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घर सोडायचे की थांबायचे, हा प्रश्न कितीतरी कुटुंबांपुढे उभा राहिला. अशा वेळी देवाचा धावा जरूर करावा. पण पाण्याची पातळी विचारणे आणि सूचना मिळताच म्हाताऱ्या माणसांना सुरक्षित जागी हलवणे हेही देवाचे ऐकणेच आहे. सावध करणाऱ्या माणसाच्या तोंडूनही देव बोलतो.

ज्ञानासाठी प्रार्थना करताना चार गोष्टी ध्यानात ठेवू या :

१. विश्वासाने मागा. देव दोष न लावता उदारपणे देतो, असे संत याकोब सांगतो.

२. शांत बसा. आपलेच बोलणे संपले नाही, तर देवाचे ऐकू कसे येणार?

३. जाणत्यांना विचारा. घरातील वडीलधारी मंडळी, फादर, सिस्टर, त्या विषयातील अनुभवी माणूस यांचा सल्ला घ्या.

४. निर्णय पारखा. वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य आणि दयाळू असते (याकोब ३:१७). ज्या निर्णयाच्या मुळाशी मत्सर किंवा भांडणाची खुमखुमी आहे, तो प्रार्थनेनंतर घेतला तरी देवाचा नव्हे.

भावकीतील जमिनीचा वाद असो की दहावीनंतर मुलाने कोणती वाट धरावी हा प्रश्न असो, उत्तर ठरवून मग देवाची सही मागायला जाऊ नये. आधी त्याच्यापुढे बसावे.

मननासाठी : या आठवड्यात मला कोणता निर्णय घ्यायचा आहे? त्याबाबत कोणाचे म्हणणे ऐकायचे मी टाळत आहे?

प्रार्थना : हे पवित्र आत्म्या, आम्हाला ऐकणारे अंतःकरण दे. तुझी इच्छा ओळखण्यास प्रकाश दे आणि ओळखल्यावर ती करण्यास बळ दे. आमेन.