वायूचे समीकरण आणि मोटारीचे चाक

वायूच्या समीकरणावरील उदाहरण चुकते ते बहुधा गुणाकार-भागाकारात नव्हे, त्याच्या आधीच. शिरूरहून दौंडला निघालेल्या मोटारीचे एक चाक घेऊन हे पाहू. कलाशाखेच्या वाचकांनी पान उलटू नये. त्रैराशिक येत असले की पुरे.

बॉइल व गे-ल्यूसॅक यांचे नियम क्लापेरॉनने १८३४ साली एकत्र गुंफले. त्यातूनच पुढे आजचे रूप आले : पीव्ही = एनआरटी. पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, एन मोलसंख्या, टी तापमान. आर हा स्थिरांक.

समजा, पहाटे शिरूरला २० अंश सेल्सिअसला चाकात ३० पौंड हवा भरली, म्हणजे दर चौरस इंचास ३० पौंड दाब. उन्हाळ्याच्या तापल्या रस्त्याने दौंड येईतो आतली हवा ६० अंशांवर गेली. चाक फुगले नाही, हवा निसटली नाही, असे धरू. मग दाब तापमानाच्या प्रमाणात वाढणार. घाईने तापमान तिप्पट म्हणून दाबही तिप्पट केला, तर उत्तर ९० पौंड! हे खरे असते तर दौंडला धड टायर पोचता ना. सेल्सिअसचे शून्य पाणी गोठण्यावरून ठरलेले; हवेला त्याचे सोयरसुतक नाही. हवेचे शून्य त्याहून २७३ अंश खाली. म्हणून तापमाने घ्यायची २९३ व ३३३ केल्विन.

दुसरी चूक हुशारांचीही होते. दाबमापक फक्त बाहेरच्या हवेहून जास्तीचा दाब दाखवतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच. येथे बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४ पौंड. तेव्हा खरा दाब ३० नव्हे, ४४. आता ४४ × ३३३ ÷ २९३ = ५०; त्यातून १४ वजा, मापकावर ३६.

हा ३६ चा आकडा पाहून काही चालक हवा सोडतात व काटा ३० वर आणतात. आकारमान, तापमान तेच. म्हणजे एकूण दाब ५० चा ४४ झाला, शेकडा १२ हवा गेली. रात्री चाक पुन्हा २० अंशांवर आले की ४४ × २९३ ÷ ३३३ = ३८.७, मापकावर जेमतेम २५! असे मऊ चाक दुसऱ्या दिवशी अधिक मुडपते, रबर अधिक तापते, आणि फुटण्याची भीती तेव्हाच खरी. दाब मोजावा तो पहाटे, थंड चाकात.

सोडलेली हवा किती? चाकात ३० लिटर जागा धरा. ४४ पौंड म्हणजे ३ वातावरण, आर ०.०८२१. एन = ३ × ३० ÷ (०.०८२१ × २९३) = ३.७४ मोल. हवेचा एक मोल २९ ग्रॅम, म्हणजे चाकात एकूण १०८ ग्रॅम हवा. त्यातली गेली अवघी १३ ग्रॅम.