एकच दिवस, पण तास दोन : कोणते खरे?

प्रश्न : मी घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅमिंग करतो. आपण रोज किती वेळ काम करतो हे कळावे म्हणून कोड एडिटरमध्ये दोन वेगवेगळी एक्स्टेन्शन टाकली. एकाच दिवसाचे एकाने आठ तास दाखवले, दुसऱ्याने पाच. एवढी तफावत कशी? खरे कोणते मानायचे?
– एक वाचक, वडनेर भोलजी (ता. नांदुरा, जि. बुलढाणा)

उत्तर : तुमचे काम दोन्ही एक्स्टेन्शनना दिसत नाही. त्यांना दिसतात त्या एडिटरमधल्या हालचाली. त्यांवरून वेळ काढण्याच्या पद्धती दोन आहेत आणि तफावत तिथेच पडते.

पहिली पद्धत टायमरची. दर ठरावीक सेकंदांनी एक्स्टेन्शन पाहते : एडिटर उघडा आहे का? असेल तर तेवढे सेकंद जमा. लिहायला सोपी, पण तुम्ही एडिटर उघडा ठेवून जेवायला गेलात तर जेवणाचा तासही कामात धरला जातो. दोन तपासण्यांच्या मध्ये तुम्ही दुसऱ्या फाइलमध्ये डोकावून परत आलात, तर त्याची नोंदच होत नाही. शिवाय काही घडो वा न घडो, संगणकाला सारखे जागे व्हावे लागते. त्याचा भार बॅटरीवर पडतो.

दुसरी पद्धत घटनांची. व्हीएस कोडसारखा एडिटर स्वतःहून एक्स्टेन्शनला कळवतो : मजकूर बदलला, फाइल सेव्ह झाली, दुसरी फाइल समोर आली, कर्सर हलला. प्रत्येक अक्षराला घटना घडत असल्याने सगळ्या पाठवून चालत नाही. म्हणून वाकाटाइम हे प्रसिद्ध एक्स्टेन्शन फाइल सेव्ह झाली, फाइल बदलली किंवा आधीच्या नोंदीला दोन मिनिटे होऊन गेली, तरच नवी नोंद पाठवते. या नोंदीला तिथे ‘हार्टबीट’ म्हणतात. इंटरनेट गेले तर नोंदी तुमच्याच संगणकावर साठतात आणि जोडणी आली की पुढे जातात.

मात्र या पद्धतीची खरी अडचण शांततेत आहे. काम सुरू झाल्याची घटना असते, थांबल्याची नसते. पावसाच्या स्वयंचलित मापकात छोटी वाटी भरली की ती कलंडते आणि नोंद होते; पण तासभर वाटी कलंडली नाही, तर पाऊस थांबला की मापकात पालापाचोळा अडकला, हे नोंदीवरून सांगता येत नाही. तसेच इथे. वीस मिनिटे एकही घटना नाही, म्हणजे तुम्ही उठून गेलात, की एखादा अवघड कोड नुसता वाचत होता?

यावर उपाय म्हणून घटनांच्या पद्धतीलाही शेवटी घड्याळच लागते. दोन नोंदींमधली शांतता ठरावीक मर्यादेपेक्षा लांबली, तर तो वेळ कामात धरत नाहीत. वाकाटाइममध्ये ही मर्यादा मुळात पंधरा मिनिटांची असते आणि ती बदलता येते. समजा, एक नोंद १० वाजता झाली आणि पुढची १० वाजून १२ मिनिटांनी. मधली १२ मिनिटे कामात धरली जातात. त्याऐवजी पुढची नोंद थेट १० वाजून २० मिनिटांनी झाली, तर मधली वीसच्या वीस मिनिटे गळतात. आता मर्यादा पाच मिनिटांवर आणा. ती १२ मिनिटेही जातील. काम तेवढेच, तास मात्र कमी.

घटना आणि घड्याळ यांची ही जोडी तुमच्या एडिटरमध्येच पाहायला मिळेल. व्हीएस कोडच्या ऑटो सेव्हमध्ये एक पर्याय खिडकीवरून लक्ष हटले की सेव्ह करण्याचा आहे, म्हणजे निव्वळ घटनेचा. दुसरा पर्याय बदलानंतर थोडे थांबून सेव्ह करण्याचा आहे. तिथे बदल ही घटना आणि पुढचा विलंब घड्याळाचा. हा विलंब मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद असतो.

घटनेवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फॉरमॅटरने ओळी नीट लावल्या किंवा एआय साहाय्यकाने पानभर कोड लिहिला, तरी मजकूर बदलल्याची घटना होतेच. उलट कागदावर आकृती काढत केलेला विचार, सहकाऱ्याशी फोनवर सोडवलेली अडचण, ब्राउझरमध्ये वाचलेली माहिती यांची एडिटरमध्ये एकही घटना होत नाही.

तेव्हा तुमच्या आठ तासांत बहुधा रिकामा वेळ मिसळला आहे आणि पाच तासांतून वाचनाचा व विचाराचा वेळ गळला आहे. स्वतःसाठी मोजायचे असेल तर घटनांची पद्धत निवडा, शांततेची मर्यादा एकदा ठरवा आणि ती बदलू नका. मग आकडा अचूक नसला तरी या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करता येईल. आणि कंपनीने असा आकडा मागितलाच, तर आधी दोन गोष्टी विचारा : तो कोणत्या पद्धतीने काढायचा आणि शांततेची मर्यादा किती धरायची? या दोन उत्तरांशिवाय त्या तासांवरून कोणाचे काम जोखणे किंवा पगार ठरवणे अन्यायाचे आहे.