बाहेरून घेतलेली रॅकेट

चि. बाबू यास,


फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. माझ्या भिशीतल्या एकीने परवा मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिची बहीण नाशकात असते, तिने पाठवलेला. बघते तर आपलंच दुकान. काउंटरच्या वर लाल रंगात पाटी : ‘बाहेरून घेतलेल्या वस्तूंची दुरुस्ती केली जाणार नाही.’ दुकानाच्या नावापेक्षा त्या पाटीची अक्षरं मोठी. फोटोखाली हकीगतही होती. त्या बहिणीचा नातू गट तुटलेली रॅकेट घेऊन आला, दुसऱ्या दिवशी त्याची मॅच होती, आणि तू रॅकेटवरचं नाव वाचून ती काउंटरवरून परत सरकवलीस. म्हणालास, ‘जिथून घेतलीस तिथेच जा.’

खरं आहे का हे? वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, ‘त्याला हल्ली फार ताण आहे.’ म्हणजे खरं आहे.

दादा गेल्यावर सगळं तुझ्या एकट्याच्या अंगावर पडलं, हे मला कळतं. डेकॅथलॉन आल्यापासून बूट आणि ट्रॅकसूटची विक्री कशी खाली आली तेही तू दिवाळीत वहीत दाखवलं होतंस. पण त्या वहीत दुरुस्तीचं वेगळं खातं नव्हतं, हे मी तेव्हाच पाहिलं. बोलले नाही, कारण सणाचा दिवस होता.

मी जन्मभर अकरावी-बारावीच्या मुलांना वाणिज्य शिकवलं, तेव्हा थोडं शिकवल्यासारखं बोलले तर ऐकून घे. हे डेकॅथलॉनवाले नुसते दुकानदार नव्हेत. १९७६ साली फ्रान्सच्या उत्तरेला, लील शहराजवळ, मिशेल लेक्लेर्कने पहिलं दुकान काढलं. पुढे त्यांनी दुसऱ्यांचा माल विकण्यापेक्षा स्वतःच माल घडवायला घेतला. डोंगरासाठी क्वेचुआ, फुटबॉलसाठी किपस्टा, बॅडमिंटनसाठी परफ्लाय, ही सगळी त्यांची घरचीच नावं. दोन सेकंदांत उघडणारा तो तंबूही त्यांचाच. आपल्याकडे २००९ मध्ये ते आले तेव्हा फक्त घाऊक विक्री करू शकत होते. २०१३ मध्ये सरकारने परवानगी दिल्यावर थेट गिऱ्हाइकाला विकू लागले. कारखान्यापासून काउंटरपर्यंत मधे कुणी नाही. तुझ्या मालावर कंपनी, वितरक आणि तू अशी तिघांची पोटं असतात. त्यांच्या दहा लिटरच्या सॅकच्या भावाशी तू कसा भिडणार? भिडूच नकोस. त्या भावाला हरलास म्हणून लाजण्यासारखंही काही नाही.

मी गेले होते तिथे, इथे पुण्यात, नातवाला घेऊन. रागावूनच गेले होते. पण खरं सांगते, कुणी हटकलं नाही. नातू टेबल टेनिस खेळत बसला, मी बूट घालून फेऱ्या मारल्या, काहीच न घेता बाहेर पडलो तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही. रॅकेटचं काम करायला त्यांच्याकडेही माणूस असतो. आणि आप्पांच्या दुकानात मात्र आलेल्या पोराला आपण दारातून परत लावतो? मला झोप लागली नाही ती या एका गोष्टीने.

अरे, आपलं दुकान उभं कशावर राहिलं? आप्पा मेरठच्या बॅटी आणि जालंधरचे फुटबॉल आणायचे. फाळणीत सियालकोट सोडून आलेल्या कारागिरांनी त्या गावांत हा धंदा पुन्हा मांडला होता, आणि आप्पांना त्यांच्याविषयी फार आदर. पण तोच माल मेन रोडवर आणखीही दुकानांत मिळायचा. लोक आपल्याकडे यायचे ते नंतरच्या कामासाठी. नवी इंग्लिश विलो बॅट घेऊन गिऱ्हाईक निघालं की आप्पा ती हातातून परत घ्यायचे. जवसाचं तेल लाव, पण कडेला आणि पात्याला, स्टिकरवर नको, दांड्याला नको. आडवी ठेव, मुरू दे. मग लाकडी हातोडीने नॉकिंग कर, आधी हलक्या हाताने, कडा गोल होईपर्यंत, घाई केलीस तर पहिल्याच सीझन बॉलला चीर जाईल. हे सगळं ते दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या बॅटीलाही सांगायचे. बॅट कुठली, हे त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. गिऱ्हाईक कुणाचं, हेही नाही.

आणि गटिंग! तेव्हा मशीन नव्हतं. आरी घ्यायची, लाकडी रॅकेटच्या एकेका भोकातून गट ओढायचा, खुंटी मारून ताण धरायचा आणि बोटाने तार छेडून आवाज ऐकायचा. हे काम दादापेक्षा मला चांगलं जमायचं. दादाही ते कबूल करायचा, फक्त आप्पांसमोर नाही. शाळेतून आले की मागच्या खोलीत बसून मी रॅकेटी ओढायचे आणि पुढे काउंटरवर दादा त्या द्यायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, काम त्याचं. पुढे माझं लग्न ठरलं, मागच्या खोलीत गोदाम झालं. मला दुकानात बसायचंय, असं मी एकदाही तोंडातून काढलं नाही. आप्पा हो म्हणाले असते की नाही, देव जाणे. पण विचारायला तर हवं होतं. मग मी वर्गात फळ्यावर किरकोळ व्यापाराची वैशिष्ट्यं लिहीत राहिले, दुसऱ्यांच्या मुलांसाठी. म्हणून सांगते, त्या मुलाने तुझ्यापुढे ठेवलेली ती रॅकेट माझ्या हातात आली असती तर मी त्याला आधी विचारलं असतं, किती पौंडांवर खेळतोस? बावीस की चोवीस? नवशिक्याने पंचवीस मागितले तर का नको, हे समजावलं असतं. त्याची मॅच झाली असती आणि पुढचं शटल, पुढची ग्रिप त्याने कुठून घेतली असती, ते तूच सांग.

माझी मुलगी डेन्व्हरला असते, तुला ठाऊकच आहे. तिकडे स्पोर्ट्स ऑथॉरिटी नावाची केवढी मोठी साखळी होती, गावातल्या फुटबॉल स्टेडियमलाही तिचंच नाव होतं. २०१६ मध्ये दिवाळं निघालं, सगळी दुकानं बंद झाली, आणि स्टेडियमवरचं नाव मात्र २०१८ उजाडेपर्यंत तसंच राहिलं. हे ऐकून खूश होऊ नकोस. ते बुडाले म्हणून आधी मिटलेली गल्लीतली दुकानं काही परत उघडली नाहीत, असं ती म्हणते. दुसरा बुडण्याची वाट बघणं हा धंदा नव्हे.

तुझ्याकडे जे आहे ते बघ ना. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं येतात, चषक आणि पदकांवर नावं कोरून रातोरात कोण देतं? शाळेचं बिल मार्च उलटल्यावर निघतं, तोवर उधारी कोण धरतं? मंडळाच्या कबड्डीच्या मॅट, कॅरमच्या पावडरीपासून स्ट्रायकरपर्यंत सगळं कुणाकडून जातं? आणि हरिहर गडाच्या पायऱ्यांवर पावसात कुठला सोल धरतो, कुठला घसरतो, हे तू स्वतः आपटून शिकलायस. तुझं कोपर अजून साक्ष देईल. पेठ-हरसूलकडची पोरं पळायला नाशकात येतात. सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच पळायची आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचं कांस्य घेतलं. अशा पोराच्या पायातला बूट कुठल्या दुकानातला आहे, हे बघून तू त्याचा सोल चिकटवणार की नाही ते ठरवणार का?

दुरुस्तीचे पैसे मात्र घे. इथे तू आप्पांसारखा वागू नकोस. ते गिऱ्हाइकाला ‘राहू दे रे’ म्हणायचे आणि आई महिनाअखेरीस डबे खरवडायची. दुसरीकडची रॅकेट असेल तर गटाचे आणि मजुरीचे दर वेगवेगळे लिही, भिंतीवर लाव, हवं तर मजुरी थोडी जास्त धर. कुणी कुरकुर करणार नाही. भाव लावणं आणि माणूस परत लावणं यात फरक आहे रे.

फार बोलले. रागावू नकोस. तू चिडलास ते त्या मुलावर नाहीच, हे मला कळतं. दिवसभर लोक येतात, मापाचे बूट घालून बघतात, फोटो काढतात आणि ‘ऑनलाइन बघतो’ म्हणून निघून जातात. अशा वेळी समोर आलेल्या पहिल्या पोरावर माणूस उसळतो. दादा असता तर त्याने तुला मागे चहा प्यायला पाठवलं असतं आणि रॅकेट स्वतः घेतली असती. आता मागे पाठवणारं कुणी नाही, याचंच मला वाईट वाटतं.

जुनं मशीन ताण धरत नाही, असं तू मागे म्हणाला होतास. माझी एक ठेव मार्चमध्ये सुटतेय. इलेक्ट्रॉनिक मशीन बघून ठेव, किंमत मला कळव, बाकीचं मी बघते. काकांना मी सांगेन, तू सांगू नकोस. उसने समज, नाहीतर आत्याची भाऊबीज उलट आली असं समज. आणि मे महिन्यात मी नाशकात आले की मला मागच्या खोलीत एक स्टूल दे. डोळ्यांना आता भोकं नीट दिसत नाहीत, पण कान ठीक आहेत.

वहिनी म्हणते, डबा तसाच परत येतो. हे चालायचं नाही. दुपारी एक ते चार कुलूप लाव आणि घरी जेवायला जा. इथे पुण्यात भलीभली दुकानं त्या वेळात झोपून तरली आहेत.

तुझी,
आत्या