दहा हजार पावलांचा हिशोब

प्रश्न : मुलाने पावले मोजणारे घड्याळ आणून दिले आहे आणि रोज दहा हजार झालीच पाहिजेत, असा त्याचा हट्ट आहे. माझे वय ५२, सासूबाईंचे ७४. त्यांचे गुडघे दुखतात. सगळ्यांना एकच माप कसे? आणि घरकाम व्यायामात धरायचे की नाही? – एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. दहा हजार हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले आणि हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. यंत्र खपले, आकडा जगभर झाला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत साधारण ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि ७,५०० नंतर तो फारसा वाढला नाही.

जागतिक आरोग्य संघटना तर पावले मोजतच नाही, मिनिटे मोजते. मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम पुरेत. धावण्यासारखे जोरकस असतील तर निम्म्या वेळात भागते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना मात्र रोज सरासरी ६० मिनिटे हवीत. मध्यम श्रम ओळखणे सोपे : चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही.

घरकामालाही हीच कसोटी लावा. भरभर फरशी पुसणे, पाण्याच्या कळश्या वाहणे, जिना चढणे हे जमेस धरा, दोन-चार मिनिटांचे असले तरी. सलग दहा मिनिटांची जुनी अट आता राहिलेली नाही. ओट्याशी तासभर उभे राहून पोळ्या केल्या तर पाय भरून येतात हे खरे, पण धाप लागत नाही. दमणूक झाली म्हणजे व्यायाम झालाच असे नव्हे. (हे घरातल्या इतरांना ऐकवू नका, पोळ्यांचे श्रेय जाईल.)

सासूबाईंचे गुडघे चालल्याने आणखी झिजतील, ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात, मग सगळा भार सांध्यावर येतो आणि दुखणे वाढते. त्यांनी झेपेल तेवढे चालावे आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा सराव करावा. पासष्टीनंतर पडण्याचा धोका वाढतो, म्हणून आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. सुरुवातीला भिंतीचा आधार घ्यावा.

गुडघा सुजला असेल किंवा चालताना छातीत दाटून येत असेल, तर मात्र घड्याळ बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.